डब्यात डबा, काचेचा

‘रोज सकाळी एक चमचा पांढरी पूड पाण्यातून घ्या, पोटातले जंत मरतात.’ फिरत फिरत हा संदेश माझ्याही फोनवर आला. पूड कसली, तर डायटोमेशियस अर्थ. जंतांचं शेवटी बघू. आधी डायटम.

डायटम म्हणजे एकपेशीय शैवाल. समुद्रात, नदीत, ओल्या दगडावरच्या बुळबुळीत तपकिरी थरातही सापडतं. पाण्यात विरघळलेली सिलिका शोषून ते अंगाभोवती काचेचं, सूक्ष्म छिद्रांची नक्षी असलेलं कवच घडवतं. कवचाचे भाग दोन: डबा आणि त्यावर बसणारं झाकण.

खरी गंमत पुढे आहे. पेशी दुभंगली की एका लेकीला झाकण मिळतं, दुसरीला डबा. दोघीही मिळालेल्या भागाचं झाकण करतात आणि त्याच्या आत मावेल असा नवा डबा घडवतात. काच काही ताणत नाही. त्यामुळे जिच्या वाट्याला डबा आला, ती आईपेक्षा किंचित लहानच राहते! सगळ्या पेशी एकाच वेगाने दुभंगल्या असं धरू. दहा फेऱ्यांनंतर १०२४ पेशी. त्यांत मूळ मापाची फक्त १, एक पायरी लहान १०, दोन पायऱ्या लहान ४५, आणि सर्वांत जास्त, २५२, पाच पायऱ्या लहान. ही मेरुप्रस्ताराची, म्हणजेच पास्कलच्या त्रिकोणाची ओळ!

मग जात खुजी होत होत संपत का नाही? माप फार घटलं की बहुतेक जाती लैंगिक प्रजननाकडे वळतात. त्यातून झालेली पेशी जुनं कवच टाकून फुगते आणि पुन्हा मोठ्या मापाचं कवच घडवते.

मेलेल्या डायटमांची कवचं तळाशी साचून खडूसारखी हलकी, सच्छिद्र माती होते. हीच ती डायटोमेशियस अर्थ. नायट्रोग्लिसरीन हे द्रव स्फोटक नुसत्या धक्क्याने फुटायचं. आल्फ्रेड नोबेलने ते या मातीत जिरवलं आणि १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं. आज बिअर गाळायलाही हीच माती वापरतात.

धान्यातल्या किडींवरही ती चालते. किडीच्या अंगावरचं मेण ती शोषून घेते, मग आतलं पाणी उडून कीड वाळून मरते. मात्र त्यासाठी पूड कोरडी हवी. चमचाभर पूड पाण्यात कालवून ओल्या आतड्यात सोडल्यावर जंत वाळणार कसे?