लाकडावरची लाल रेघ आणि करवतीची चीर

फोटोफ्रेमच्या चार पट्ट्या मायटर सॉवर, म्हणजे ठरावीक कोनात काप घेणाऱ्या विजेच्या करवतीवर, ४५ अंशांत कापल्या, तीन कोपरे घट्ट बसले आणि चौथ्यात मात्र रुपयाचे नाणे सहज शिरेल एवढी फट राहिली, हा अनुभव लाकूडकाम करणाऱ्या बहुतेकांनी घेतलेला असतो. अशा वेळी पहिला संशय कापाची जागा लाल रेघेने दाखवणाऱ्या, यंत्रावरच्या लेसरवर जातो, पण कापाचा कोन लेसर ठरवत नाही. तो ठरतो पाते आणि लाकूड टेकवण्याचा मागचा उभा आधार, म्हणजे फेन्स, यांच्यातल्या कोनावरून. चौकटीला एकूण आठ काप लागतात; प्रत्येक कापात पाव अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर शेवटच्या कोपऱ्यात ती दोन अंशांची होते, आणि ६० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर तिची फट साधारण ३ मिलिमीटर, म्हणजे सुतारांच्या मापात जवळजवळ एक सूत भरते.

म्हणून लेसरला हात लावण्याआधी पाते गुण्यात, म्हणजे फेन्सशी काटकोनात, आहे का, हे पाहणे भाग आहे. यंत्राचा प्लग काढावा, डोके खाली आणून अडकवावे आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, फेन्सला व पात्याच्या सपाट पत्र्याला टेकवावा. तो दातांना टेकवू नये, कारण कार्बाइडचे दात पत्र्याच्या दोन्ही बाजूंना किंचित बाहेर आलेले असतात आणि गुण्या त्यांच्यावर बसला की माप फसते. पाते टेबलाशीही काटकोनात आहे ना, हे त्याच गुण्याने पाहून घ्यावे. याहून खात्रीची परीक्षा प्रत्यक्ष कापाची आहे. १५० मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडा समांतर असलेली फळी शून्य अंशावर कापावी, एक तुकडा उलटा करावा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेल्या बाजू एकमेकींना भिडवाव्यात. पाते ०.१ अंशाने जरी कलते असेल, तरी त्या रुंदीवर पाव मिलिमीटरची चूक होते आणि तुकडा उलटल्यामुळे ती दुप्पट होऊन अर्ध्या मिलिमीटरची फट डोळ्यांना दिसते. चूक स्वतःच मोठी करून दाखवणारी इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक परीक्षा मला दुसरी ठाऊक नाही.

आता लेसरकडे वळू. डायोडमधून निघणारा प्रकाश आधी एका भिंगाने एकवटला जातो आणि मग काचेच्या दांडीसारख्या दंडगोलाकार भिंगातून जाताना एकाच दिशेने पंख्यासारखा पसरतो. म्हणजे यंत्रातून रेघ बाहेर पडत नाही, प्रकाशाचा एक पातळ पडदा बाहेर पडतो, आणि तो पडदा जिथे लाकडाला छेदतो तिथे आपल्याला रेघ दिसते. लेसर जुळवण्याचे सगळे मर्म या एका गोष्टीत आहे. पडदा पात्याच्या प्रतलापासून दोन अंशांनी झुकलेला असेल, तर पातळ पट्टीवर अचूक लावलेली रेघ ४० मिलिमीटर जास्त जाडीच्या ठोकळ्यावर सुमारे १.४ मिलिमीटरने बाजूला पडते. रेघ आज बरोबर आणि उद्या चूक दाखवते, अशी तक्रार ज्यांची असते, त्यांनी त्या दोन दिवसांच्या लाकडांची जाडी आठवून पाहावी.

हा झुकाव ओळखायला कापही घ्यावा लागत नाही. लेसर यंत्राच्या हातावर, म्हणजे पाते धरून वर-खाली होणाऱ्या भागावर, बसवलेला असेल, तर तो चालू करून, करवतीचा खटका न दाबता, हात सावकाश खाली आणावा आणि लाकडावरच्या रेघेकडे लक्ष ठेवावे. हात ज्या आसाभोवती फिरतो, त्या आसाला काटकोनात असलेले प्रतल फिरताना आपल्या जागीच राहते. बाकी कोणतेही प्रतल जागा सोडते. पाते त्या आसाला काटकोनात असते. तेव्हा हात उतरताना रेघ जागची हलली नाही तर प्रकाशाचा पडदा पात्याला समांतर आहे, आणि ती डावीउजवीकडे सरकली तर नाही. एवढी सुंदर भूमिती कारखान्यातल्या एका साध्या हालचालीत दडलेली आहे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

जुळवणीसाठी एक टाकाऊ फळी क्लॅम्पने घट्ट धरावी, तिच्यावर दोन-तीन मिलिमीटर खोलीची चीर पाडावी, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि फळी तसूभरही हलवू नये. लेसर बॅटरीवर चालत असेल तर आता प्लग काढावा. यंत्राच्याच विजेवर चालत असेल तर बोटे खटक्यापासून आणि पात्यापासून लांब ठेवावीत. आता जवळून पाहिले तर ताज्या चिरेच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसतात, आणि लाल रेघ त्यांतल्या एका कडेशी जुळलेली, तिला तिरपी छेदणारी किंवा तिच्यापासून दूर पडलेली असते. लेसरच्या घराचे छोटे स्क्रू ॲलन कीने ढिले करून आधी तिरपेपणा काढावा, मग झुकाव, आणि बाजूला सरकवण्याचे काम शेवटी करावे, कारण पहिल्या दोन्ही दुरुस्त्यांत रेघ थोडी सरकतेच. स्क्रू आवळतानाही ती हलते, म्हणून आवळल्यावर पुन्हा पाहावे आणि मग जाड ठोकळ्यावर नवी चीर पाडून तीच परीक्षा घ्यावी.

रेघ चिरेच्या मधोमध ठेवण्यापेक्षा एका कडेवर ठेवणे मला योग्य वाटते. जाड पात्याची चीर ३.२ मिलिमीटरपर्यंत भरते. ती नेहमी टाकाऊ बाजूला पडावी, हे कडेवरच्या रेघेने आपोआप सांभाळले जाते. मात्र लेसरच्या रेघेला पेन्सिलीसारखी धारदार कड नसते. ती मध्ये सर्वांत तेजस्वी असते आणि बाजूंना विरत जाते, शिवाय लाकडाच्या खडबडीत पृष्ठभागावरून परतणाऱ्या किरणांच्या व्यतिकरणामुळे, म्हणजे ते एकमेकांत मिसळून कुठे उजळ तर कुठे मंद होत असल्यामुळे, तिच्यात चमचमणारे ठिपके दिसतात. म्हणून रेघेचा मध्य हीच खूण धरावी. उघड्यावर काम करताना लाल रेघ उन्हात हरवते, त्याचे कारण आपल्या डोळ्यांतही आहे. ते ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात, आणि ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला त्याच्या साधारण एक दशांशच. या लेसरची शक्ती बहुधा एक मिलिवॉटहून कमी असते, तरी किरणात थेट पाहू नये.

काही लेसर वॉशरच्या आकाराचे असतात आणि पात्याच्या बाहेरच्या बाजूला बसून त्याच्याबरोबर फिरतात. त्यांत जुळवायला फारसे काही नसते आणि रेघ चिरेपासून ठरावीक अंतरावर पडते. ते अंतर मोजून लक्षात ठेवावे लागते, पण पाते ४५ अंशांत झुकवले की तेच अंतर लाकडावर १.४१ पट होते, म्हणजे १.५ मिलिमीटरचे २.१ मिलिमीटर. याउलट काही नव्या यंत्रांत वरून एलईडीचा प्रकाश पाडून पात्याचीच सावली लाकडावर घेतात. सावली पात्याचीच असल्यामुळे तिला जुळवणी लागत नाही आणि पाते बदलले तरी तिच्या दोन्ही कडा चिरेच्या दोन्ही कडा दाखवतात. लेसरचे तसे नाही, २.४ मिलिमीटरचे पाते काढून ३.२ मिलिमीटरचे बसवले की चिरेची कड सरकते आणि टाकाऊ फळीवर ती उथळ चीर पुन्हा पाडावी लागते.