जुनी ट्यूब घंटागाडीत नको, दुकानात आणून द्या
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

एलईडी घ्यायला येणारे बरेच जण पैसे देता देता विचारतात, "मग त्या जुन्या ट्यूबांचं काय करू?" थोडक्यात उत्तर असं: न फोडता आमच्याकडे आणा. आम्ही ठेवून घेतो, त्याचे पैसे लावत नाही आणि ट्यूब कोणत्या दुकानातून घेतली होती हेही विचारत नाही. पुढचा मजकूर ज्यांना कारण जाणून घ्यायचं आहे त्यांच्यासाठी. घरात आत्ताच ट्यूब फुटली असेल, तर आधी 'ट्यूब फुटली तर' एवढंच वाचा.

ट्यूबच्या आत काय असतं

काचेच्या नळीत थोडा आरगॉन वायू आणि काही मिलिग्रॅम पारा असतो. वीज खेळू लागली की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते आपल्याला दिसत नाहीत. काचेला आतून जी पांढरी पावडर लावलेली असते, ती हे किरण शोषून उजेड देते. सीएफएल म्हणजे हीच नळी वळवून बसकी केलेली. एलईडीत पारा नसतो, पण एलईडी दिवाही ई-कचराच, तेव्हा तोही आणला तरी चालेल.

ट्यूब गेली म्हणजे आतला पारा संपला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. दोन्ही टोकं काळी पडतात ती फिलामेंटवरचा लेप उडून काचेवर बसल्यामुळे. लेप संपला की ट्यूब पेटत नाही, पारा मात्र आतच राहतो, बराचसा पावडरीत आणि काचेत मुरलेला. त्यामुळे माळ्यावर वर्षानुवर्षं पडून असलेली ट्यूबही नव्याइतकीच जपून उतरवा.

आणि हो, टाकायला आणण्याआधी एकदा स्टार्टर बदलून बघा. टोकं नुसतीच लालसर पेटून राहत असतील आणि स्टार्टर फिरवून काढल्यावर ट्यूब लख्ख लागली, तर दोष स्टार्टरचा. आमची विक्री थोडी कमी होईल, होऊ दे.

भंगारवाल्याला का देऊ नये

त्याला पट्टीतल्या चोकमधलं तांबं हवं असतं आणि ट्यूबच्या टोकाच्या ॲल्युमिनियमच्या टोप्या. काचेला भाव नाही, म्हणून ती तिथल्या तिथे फोडली जाते. सुक्या कचऱ्यात टाकलेल्या ट्यूबचंही तेच होतं. ती गाडीत फुटते आणि कचरा हाताने निवडणाऱ्या ताईंच्या वाट्याला काच आणि पावडर दोन्ही येतात. पाऱ्याची वाफ श्वासावाटे शरीरात जाते, मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडाला बाधते. घरात एखादी ट्यूब फुटल्याने घाबरून जायचं कारण नाही. पण ज्याच्यासमोर रोज ट्यूबा फुटतात त्याची गोष्ट वेगळी आहे. चोक आणि पत्र्याची पट्टी भंगारात खुशाल विका, ट्यूब तेवढी वेगळी काढा.

गणपतीचा मांडव उतरला की कोपऱ्यात टेकवलेल्या ट्यूबा मुलांच्या हाती लागतात. आत हवेचा दाब कमी असल्याने फोडल्यावर मोठा आवाज होतो, म्हणून मजा वाटते. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशीच ट्यूबा गोळा करून ठेवाव्यात.

हे पत्रक आत्ताच का? जपानमधल्या मिनामाटा गावात कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला. त्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ सालची. पाऱ्याविषयीच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय कराराला त्या गावाचं नाव आहे आणि २०१८ मध्ये भारतही त्यात सामील झाला. फ्लुरोसंट ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची, असं या करारातल्या देशांनी ठरवलं आहे. म्हणजे जिन्यातल्या, पार्किंगमधल्या, शाळेच्या वर्गांतल्या चार फुटी ट्यूबा येत्या काही वर्षांत एकदमच खाली उतरणार.

ट्यूब फुटली तर

पंखा आणि एसी बंद करा, खिडक्या सताड उघडा. मुलांना आणि मांजर-कुत्र्याला बाहेर काढा, तुम्हीही दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. केरसुणी नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. दोन्हींनी पावडर घरभर उडते. हातात रबरी मोजे घालून जाड पुठ्ठ्याने काचा गोळा करा. बारीक कण चिकटपट्टीने टिपा, मग ओल्या कागदाने फरशी पुसा. काचा, पुठ्ठा, पट्टी, कागद, सगळं झाकणाच्या बरणीत भरून बाल्कनीत ठेवा. हात साबणाने धुवा. बरणी घट्ट बंद असेल तर आम्ही तीही घेतो. पिशवीत बांधलेल्या काचा घेत नाही.

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर आधी अंगठी, बांगड्या काढून ठेवा. पारा सोन्याला धरतो आणि सोनं पांढरं पडतं, मग सोनाराकडे जावं लागतं. गोळ्या पुठ्ठ्याने एकत्र ढकलून ड्रॉपरने उचला आणि बरणीत टाका. मोरीत पाणी ओतून वाहून लावू नका, पारा नळीच्या वाकात बसून राहतो.

घरातलं बाकीचं

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना आमच्याकडेच द्या, तिचे पैसे बिलातून वजा होतात. ती फोडून ॲसिड गटारात ओतलं जातं, ते टळेल. फुगलेली पॉवर बँक किंवा मोबाइलची बॅटरी टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून आणा. घड्याळाचे बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने गिळल्याची शंका जरी आली तरी लगेच दवाखाना गाठा.

रंगाचे डबे, थिनर, झुरळांचे स्प्रे, मुदत संपलेली औषधं, इंजेक्शनच्या सुया आम्ही घेत नाही, ठेवायला तशी सोयही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी या सगळ्याला, ट्यूब आणि सेलसकट, घरगुती घातक कचरा म्हटलं आणि तो ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायला सांगितलं. तो स्वीकारण्याची केंद्रं उघडणं हे महापालिकेचं काम. जवळचं केंद्र कुठे आहे ते क्षेत्रीय कार्यालयात विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका. रंग उरला असेल तर टाकण्यापेक्षा शेजाऱ्यांना विचारून बघा, कुणाच्या तरी गॅलरीचा कठडा रंगवायचा राहिलेला असतोच.

आमच्याकडे आल्यावर काय होतं

मागच्या खोलीत लाकडी खोका आहे, त्यात ट्यूबा उभ्या ठेवतो. खोका भरला की परवानाधारक ई-कचरा प्रक्रिया करणाऱ्याकडे जातो. तिथे बंद यंत्रात टोकं कापून काच, ॲल्युमिनियम आणि पावडर वेगळी करतात. पावडर तापवून त्यातला पारा वाफेच्या रूपाने काढून परत गोळा करतात.

आणताना ट्यूब नव्या ट्यूबच्या खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. स्कूटरवर आडवी धरून येऊ नका, मागच्या माणसाच्या पोटात जाते. रबराने आवळून मोळी बांधू नका. सोसायटीच्या दहापेक्षा जास्त असतील तर आधी फोन करा, नंबर बिलावर आहे. आमचा मुलगा खोका घेऊन येईल, मात्र शिडी तुमची लागेल.