फ्लॉरेन्सचं ‘जुनं’ शहर नेमकं कधीचं? थोडी पार्श्वभूमी

फ्लॉरेन्सची ठरलेली लिस्ट सगळ्यांना पाठ असते. ड्युओमोचा म्हणजे मुख्य चर्चचा घुमट, उफिझी म्युझियम, पाँटे वेक्किओ हा जुना पूल, मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, आणि संध्याकाळी पियाझ्झाले मायकेलअँजेलोवरून सूर्यास्त. मेडिची कोण, घुमट कसा बांधला वगैरे इथे परत सांगत बसत नाही, ते कुठेही मिळतं. पण कुठून काय दिसावं, कुठला पुतळा कुठे असावा, ही सगळी मांडणी बरीचशी १८६५ ते १८९५ या तीसेक वर्षांत ठरलीये, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही.

१८६५ ला इटलीची राजधानी तुरिनहून इथे आली. राजा पिट्टी पॅलेसमध्ये, पार्लमेंट पालाझ्झो वेक्किओच्या (जुन्या नगर-महालाच्या) त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये जिथे आज आपण माना वर करून छत बघत फिरतो, आणि शहर मात्र राजधानीला पुरणारं नव्हतंच. मग आर्नो नदीच्या उत्तरेकडचा तट पाडला, वेशी तेवढ्या ठेवल्या (त्या आता ट्रॅफिकच्या मधोमध बेटासारख्या उभ्या आहेत), आणि तटाच्या जागी पॅरिस छापाचे रुंद रस्ते काढले. पलीकडच्या टेकडीवर नागमोडी रस्ता चढवला आणि वर ती सूर्यास्तवाली गच्ची केली, तीही याच प्लॅनमधली. तिथला डेव्हिड ब्राँझची कॉपी आहे, खरा १८७३ मध्ये सिन्योरिया चौकातून रुळांवरून हळूहळू ओढत अकादमी गॅलरीत नेला, आणि त्या चौकात आज जो दिसतो ती १९१० मध्ये बसवलेली कॉपी. ड्युओमोचं पांढरं-हिरवं-गुलाबी तोंड तर १८८७ चं, त्याआधी तीनशे वर्षं पुढची बाजू जवळजवळ बोडकीच होती.

याच राजधानीच्या काळात, नोव्हेंबर १८७० मध्ये, इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे विशीतले छत्रपती इथे वारले. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर दहन झालं आणि १८७४ ला तिथे छत्री उभी राहिली, काश्चिने पार्कच्या अगदी पार टोकाला. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलंय. मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन उफिझीची तीन तासांची लाइन लावायची आणि हे बघायचंच नाही हे मला तरी पटत नाही, पण असो.

१८७१ ला राजधानी रोमला गेली, कर्ज इथेच राहिलं, आणि १८७८ ला नगरपालिका चक्क दिवाळखोर झाली. म्हणजे आता तरी तोडफोड थांबेल असं कुणालाही वाटेल. पण सगळ्यात मोठी तोडफोड यानंतरची.

आजचा पियाझ्झा देल्ला रेपुब्लिका, म्हणजे कॅरोसेल आणि महागड्या कॉफीवाला चौक, तिथे मेर्काटो वेक्किओ होता, शहराची जुनी मंडई. रोमन काळात फोरम, म्हणजे गावाचा मुख्य चौकही इथेच. बाजाराला लागून जुना ज्यू घेट्टो (ज्यूंना सक्तीने ठेवलेली वस्ती), दाटीवाटीची घरं, मनोरे, छोटी चर्च, गिल्डच्या म्हणजे व्यापारी-कारागिरांच्या संघांच्या इमारती. १८७४ मध्ये सान लोरेन्झोजवळ लोखंड-काचेची नवी मंडई बांधून झाली होती, तेव्हा सुरुवातीला बोलणं फक्त बाजाराच्या टपऱ्या हटवण्याचं होतं. मग १८८४ ला नेपल्समध्ये कॉलरा आला, आरोग्याच्या नावाने कायदा आला, आणि टपऱ्यांचा विषय वाढत वाढत अख्ख्या वस्तीवर गेला. पाडण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळंच खोटं होतं असं नाही, तिथली घाण आणि गर्दी खरी होती, माणसं वाईट हालात राहत होती. पण पाडल्यावर तिथे त्या माणसांसाठी काही बांधलं का, तर नाही, त्यांना बाहेर ढकललं आणि जागेवर आर्केडवाल्या इमारती, हॉटेलं, कॅफे आले. चौकातल्या मोठ्या कमानीवर १८९५ चा लेख आहे की शहराचं प्राचीन केंद्र शतकांच्या बकालपणातून नव्या आयुष्याकडे परत आणलं. ‘प्राचीन केंद्र’ पाडून वर हेच लिहायचं, कमाल आहे.

जे वाचलं ते तुकड्यांत वाचलं. मासळीबाजाराचा सोळाव्या शतकातला मंडप दगड दगड सुटा करून ठेवला होता, तो १९५६ च्या सुमारास चिओंपी चौकात पुन्हा उभा केला. कमानींच्या मधल्या गोल चकत्यांवर मासे आहेत ते जवळ जाऊन बघा, नाहीतर हा इथे का उभा आहे कळतच नाही. चौकटी, कोट-ऑफ-आर्म्स, कोरीव दगड सान मार्को म्युझियममध्ये आहेत, पण तिथे येणारे फ्रा अँजेलिकोची भित्तिचित्रं बघून निघतात. आणि नव्या चौकाची शान म्हणून १८९० ला बसवलेला राजाचा घोड्यावरचा पुतळा? तोही १९३२ ला उचलून काश्चिनेच्या तोंडाशी नेला.

पुढचा टप्पा पाँटे वेक्किओच्या आसपासच्या गल्ल्यांचा होता. तेव्हा मात्र १८९८ ला स्थानिक लोक आणि इथे राहणारे परदेशी, विशेषतः इंग्रज, यांनी जोरदार आरडाओरडा केला, लंडनच्या पेपरात पत्रं गेली, आणि ते काम थांबलं. वाचवलेला तोच भाग ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी सुरुंगाने उडवला, पाँटे वेक्किओ सोडून बाकी सगळे पूलही. सांता त्रिनिता पूल १९५८ पर्यंत जसाच्या तसा बांधला, घरं मात्र तशी नाही बांधली, म्हणून पाँटे वेक्किओच्या दोन्ही टोकांना १९५० च्या आसपासच्या सपाट बिल्डिंगा दिसतात. १९६६ चा पूर सगळ्यांना माहीत असतो, त्यावर वेगळं लिहायला लागेल.

१९८२ ला सगळं जुनं केंद्र युनेस्कोच्या यादीत गेलं, आता पाडणं जवळपास अशक्य. पण माणसं बाहेर जाणं थांबलं नाही, फक्त कारण बदललं, घरं टूरिस्टना भाड्याने जातात, म्हणून २०२३ मध्ये त्या हद्दीत नवीन शॉर्ट-टर्म भाड्यांवर बंदी आणली. आधीपासून चालू होती ती चालूच. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात जुन्या थिएटरच्या जागी झालेल्या काळ्या-पांढऱ्या फ्लॅट्सच्या ब्लॉकवरून वाद पेटला, कारण तो शहराच्या छतांमधून एकदम डोळ्यात येतो, आणि फ्लॅट कुणाला परवडणार हा प्रश्न त्या वादात तसा मागेच राहिला.