आगगाडी बागेत आली, मागोमाग गाव

शहराची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायची हौस जुनी, पण पूर्वी तिच्यामागचं काम गंभीर असे. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या युद्धमंत्र्याने, लुव्हाने, १६६८ पासून सरहद्दीवरच्या तटबंदी शहरांच्या प्रतिकृती १:६०० प्रमाणात करवून घेतल्या. शत्रूचा वेढा कुठून पडेल, तोफा कुठे लावायच्या, हे राजाला लांब बसून कळावं म्हणून. लष्करी गुपितच ते. सहज बघायला मिळणं शक्य नव्हतं.

तिकीट काढून हिंडायचं चिमुकलं गाव मात्र विसाव्या शतकातलं, आणि त्याची सुरुवात एका घरगुती तक्रारीतून झाली म्हणतात. रोलंड कॅलिंगहॅम हा लंडनचा अकाउंटंट. त्याच्या खेळण्यातल्या रेल्वेने घर इतकं व्यापलं की बायको म्हणाली, एकतर ही गाडी बाहेर जाईल, नाहीतर मी. गोष्ट खरी की नंतर रंगवलेली, देव जाणे, पण गाडी बागेत गेली हे नक्की. रुळांभोवती घरं, चर्च, दुकानं उभी राहिली आणि १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या बीकन्सफील्ड इथे बेकनस्कॉट हे चिमुकलं गाव सुरू झालं. प्रमाण १:१२, म्हणजे सहा फुटी माणूस अर्ध्या फुटाचा. दुकानांच्या पाट्या वाचायला वाकावं लागतं. भाजीवाल्याचं नाव क्रिस पी. लेटिस, भरभर म्हणून बघा, कुरकुरीत लेट्यूस हाती येतं.

माझ्या मते या सगळ्यात भन्नाट गाव इंग्लंडमधल्याच बोर्टन-ऑन-द-वॉटरचं. ओल्ड न्यू इन नावाच्या खाणावळीच्या मालकाने मागच्या बागेत आपलंच गाव १:९ प्रमाणात, तिथल्याच पिवळसर दगडात बांधलं आणि १९३७ मध्ये ते खुलं झालं. आता गाव हुबेहूब करायचं तर खाणावळीमागची बागही आली, आणि बागेत चिमुकलं गावही. ते आहे, १:८१ प्रमाणात. त्याच्याही बागेत आणखी एक आहे. नजर पुरेल तिथवर वाकत राहायचं.

नेदरलँड्समधल्या हेग इथल्या मादुरोदाम या चिमुकल्या शहराचा जन्म मात्र दुःखातला. जॉर्ज मादुरो हा कॅरिबियनमधल्या, डचांच्या ताब्यातल्या कुरासाओ बेटावरचा ज्यू तरुण, कायद्याचा विद्यार्थी. १९४० मध्ये तो जर्मन आक्रमणाविरुद्ध लढला आणि १९४५ मध्ये डाखाउच्या छळछावणीत मरण पावला. त्याच्या आईवडिलांनी दिलेल्या पैशातून, बेकनस्कॉटचा नमुना डोळ्यासमोर ठेवून, १९५२ मध्ये १:२५ प्रमाणातलं हे शहर उभं राहिलं. क्षयाने आजारी विद्यार्थ्यांच्या आरोग्यधामाला मदत व्हावी हा हेतू. पहिली महापौर होती चौदा वर्षांची राजकन्या बेअट्रिक्स. त्यानंतर ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटली, जपान असा प्रसार होत गेला.

सगळ्यांपुढे पेच एकच: गाव कुठल्या काळातलं ठेवायचं? मादुरोदाममध्ये नव्या इमारतींची भर पडत राहिली. बेकनस्कॉटही आधी काळाबरोबर बदलत होतं. काँक्रीटच्या इमारती आल्या, गाड्यांचे रंग बदलले. १९९२ मध्ये मात्र त्यांनी घड्याळ उलटं फिरवलं आणि गाव पुन्हा १९३० च्या दशकात नेऊन ठेवलं. ऐकत नाहीत ती फक्त झाडं. बुटक्या जातीची निवडली तरी वाढतातच, आणि तिथे फूटभर वाढ म्हणजे गावाच्या हिशेबाने बारा फूट. त्यामुळे कात्री सतत चालूच.