अर्स्किन, टॉमस

(१० जानेवारी १७५०–१७ नोव्हेंबर १८२३). सरदार घराण्यातला, पण न्यायालयात वारंवार सरकारच्या विरोधात उभा राहिलेला ब्रिटिश बॅरिस्टर. ‘मानवाधिकार वकील’ हा शब्द त्याच्या काळी नव्हता. मात्र लेखनस्वातंत्र्य, ज्यूरीचा (खटल्यात निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाचा) अधिकार, वेडाच्या भरात गुन्हा करणाऱ्याचा बचाव आणि कोणत्याही आरोपीला वकील मिळण्याचा हक्क या चारही प्रश्नांवर इंग्लंडच्या कायद्याला वळण लावणाऱ्या खटल्यांत बचावाचे वकीलपत्र त्याच्याकडे होते.

जन्म एडिंबरोचा. वडील हेन्री डेव्हिड अर्स्किन हे बकनचे दहावे अर्ल. किताब जुना होता, उत्पन्न मात्र जेमतेम. टॉमस धाकटा मुलगा, म्हणजे किताबही मिळायचा नाही आणि इस्टेटही. थोरला भाऊ पुढे अकरावा अर्ल झाला, तर मधला हेन्री स्कॉटलंडमध्ये नावाजलेला वकील झाला. टॉमसच्या शिक्षणाला पैसे नव्हते, म्हणून १७६४ साली त्याला आरमारात मिडशिपमन म्हणून धाडले. तिथे बढती दिसेना, तेव्हा १७६८ मध्ये तो पायदळात गेला. १७७० साली फ्रान्सिस मूर हिच्याशी लग्न झाले आणि पलटणीबरोबर मिनोर्का बेटावर काही काळ गेला.

१७७४ मध्ये पलटणीचा मुक्काम असलेल्या गावी फिरते न्यायालय भरले होते. लष्करी गणवेशातला हा तरुण सहज आत शिरला. न्यायासनावर इंग्लंडचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड होते. त्यांनी त्याला ओळख विचारून शेजारी बसवून घेतले. समोरचे वकील ऐकून, यांच्यापेक्षा आपण बरे बोलू, असे त्याला वाटले म्हणतात. आत्मविश्वासाची त्याला कधीच वाण नव्हती. पुढे वर्तमानपत्रांनी त्याचे नावच ‘वकील मी’ असे ठेवले होते. १७७५ मध्ये तो लिंकन्स इन या बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या संस्थेत दाखल झाला. पदवीधरांना वकिलीची सनद दोन वर्षे लवकर मिळे आणि सरदारपुत्रांना केंब्रिजची पदवी परीक्षेविना मिळे. ही सवलत त्याने बिनदिक्कत घेतली. घराण्याचा त्याला झालेला रोख फायदा एवढाच. ३ जुलै १७७८ रोजी सनद हातात पडली, तेव्हा घरात पैशांची चणचण आणि मुले लहान होती.

पहिलाच खटला त्याला योगायोगाने मिळाला. ग्रिनिच येथे जायबंदी खलाशांसाठी मोठे रुग्णालय होते. तिथला उपप्रमुख (लेफ्टनंट गव्हर्नर) कॅप्टन टॉमस बेली याने तिथला भ्रष्टाचार छापून बाहेर आणला. खलाशांच्या जागांवर समुद्र न पाहिलेली माणसे राजकीय सोयीसाठी भरली आहेत, हा त्याचा मुख्य आरोप होता. बोट सरळ आरमारमंत्री लॉर्ड सँडविच याच्याकडे जात होते. बेलीला निलंबित करून त्याच्यावर बदनामीची कारवाई सुरू झाली. एका जेवणाच्या पंगतीत अर्स्किन सँडविचला शिव्या घालत होता. बेली तिथेच होता, त्याने याला वकील नेमले. पाच वकिलांत अर्स्किन सर्वांत कनिष्ठ. इतरांचा सल्ला तडजोडीचा, याचा नकार. नोव्हेंबर १७७८ मध्ये भाषणात त्याने सँडविचचे नाव घेतले, तेव्हा मॅन्सफील्डनी लॉर्ड सँडविच या न्यायालयासमोर नाहीत अशी आठवण करून दिली. म्हणूनच मी त्यांना न्यायालयासमोर आणणार आहे, असे उत्तर मिळाले. बेली सुटला. एवढे धाडस कुठून आले, असे विचारल्यावर, मुले मागून झगा ओढून ‘बाबा, आता भाकरी मिळवा’ म्हणताहेत असे वाटत होते, असे त्याने सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. त्या दिवसानंतर त्याला कामाची ददात राहिली नाही. १७८१ मध्ये लंडनच्या दंगलींबद्दल राजद्रोहाचा आरोप असलेल्या लॉर्ड जॉर्ज गॉर्डनलाही त्याने सोडवले.

त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा वाद मात्र एका हरलेल्या खटल्यातून उभा राहिला. सेंट असाफच्या चर्चचा डीन (वरिष्ठ धर्माधिकारी) विल्यम शिप्ली याने लोकप्रतिनिधित्वावरचा एक छोटा संवाद पुन्हा छापला. संवादाचा लेखक त्याचा मेहुणा सर विल्यम जोन्स. खटला चालला तेव्हा तो कलकत्त्यात न्यायाधीश होता. एशियाटिक सोसायटीचा संस्थापक आणि शाकुंतलाचा इंग्रजी अनुवादक तो हाच. त्या काळचा कायदा असा, की मजकूर छापला का, एवढेच ज्यूरीने सांगायचे. तो गुन्हा ठरतो का, हे न्यायाधीश ठरवणार. ऑगस्ट १७८४ मध्ये श्रूझबरी येथे ज्यूरीने ‘फक्त छापण्याचा दोषी’ असा निकाल दिला. न्यायमूर्ती बुलर तो ‘फक्त’ वगळू पाहत होते. अर्स्किनने तो शब्द नोंदवून घ्यायचा हट्ट धरला. खाली बसा, असे बजावल्यावर, आपले कर्तव्य आपल्याला ठाऊक आहे आणि आपण वागणूक बदलणार नाही, असे त्याने सुनावले. हेच बुलर एके काळी त्याचे गुरू होते, त्यांच्याच हाताखाली तो वकिली शिकला होता. फेरविचाराच्या वेळी मॅन्सफील्डनीही त्याचे म्हणणे फेटाळले. शिप्ली सुटला तो आरोपपत्रातल्या दोषामुळे. पण व्हिग पक्षाचा पुढारी चार्ल्स फॉक्स याने आणलेल्या १७९२ च्या बदनामी कायद्याने संपूर्ण प्रश्नावर निकाल देण्याचा अधिकार ज्यूरीला मिळाला. अर्स्किन जे मागत होता ते हेच.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजकीय लेखक टॉमस पेन याच्यावर फ्रेंच क्रांतीची बाजू मांडणाऱ्या ‘राइट्स ऑफ मॅन’ या पुस्तकाबद्दल खटला चालला. आरोपी फ्रान्सला निघून गेला होता, फ्रेंच क्रांतीमुळे लंडनचे वातावरण तापले होते, आणि अर्स्किन स्वतः प्रिन्स ऑफ वेल्सचा ॲटर्नी जनरल होता. वकीलपत्र घेऊ नको, असे त्याला अनेकांनी बजावले. त्याने ते घेतले. खटला चालवायचा की नाही हे वकील स्वतः ठरवू लागला, तर तो निकालाआधीच न्यायाधीशाच्या जागी बसतो, आणि तिथून पुढे नागरिकाचे स्वातंत्र्य संपते, असे त्याने ज्यूरीला सांगितले. ज्यूरीने सरकारी वकिलाचे उत्तर ऐकण्याचीही वाट न पाहता पेनला दोषी ठरवले. अर्स्किनची युवराजाकडची नोकरी गेली. वकिलाने आपल्या क्षेत्रातले, योग्य फी देणारे काम अशिलाकडे पाहून नाकारू नये, या इंग्लंडच्या वकिलांच्या नियमाचा उगम सांगताना याच भाषणाचा दाखला देतात.

१७९४ मध्ये सरकारने लंडन करस्पॉन्डिंग सोसायटीचा चिटणीस, चांभार टॉमस हार्डी आणि त्याच्या साथीदारांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला. त्यांची मागणी सर्व पुरुषांना मतदानाचा हक्क मिळावा ही होती. गुन्हा शाबित झाला असता, तर फाशी देऊन शरीराचे तुकडे करण्याची शिक्षा होती. सरकारी वकिलाचे प्रारंभीचे भाषणच नऊ तास चालले. खटला पुढे दिवसेंदिवस चालला, आणि अर्स्किनचे बचावाचे भाषण सुमारे सात तासांचे झाले. ५ नोव्हेंबरला हार्डी निर्दोष सुटला. हार्डीची पत्नी मात्र त्याआधी ऑगस्टमध्येच बाळंतपणात गेली होती. जूनमध्ये जमावाने तिच्या घरावर हल्ला केला होता. मग जॉन हॉर्न टूक आणि जॉन थेलवॉल हे साथीदारही सुटले, तेव्हा सरकारने उरलेले खटले सोडून दिले. लोकांनी अर्स्किनच्या गाडीचे घोडे सोडून गाडी स्वतः ओढत नेली.

इथे त्याचे एक वागणे नजरेआड करता येत नाही. १७९७ साली पेनचेच धर्मचिकित्सेचे पुस्तक विकणाऱ्या टॉमस विल्यम्सविरुद्ध सरकारी नव्हे, तर एका सद्वर्तन मंडळीच्या वतीने अर्स्किन उभा राहिला आणि शिक्षा मागितली. जे तत्त्व लावून पेनचा बचाव केला तेच विल्यम्सच्या वेळी तो विसरला, असे म्हणावे लागते. नंतर आरोपीच्या घरी त्याची बायको आणि देवी निघालेली मुले पाहून त्याने दया दाखवण्याची विनंती केली. मंडळीने ती नाकारल्यावर त्याने वकीलपत्र परत केले.

१८०० साली जेम्स हॅडफील्ड या माजी सैनिकाने ड्रुरी लेन नाट्यगृहात राजावर गोळी झाडली. लढाईत तलवारीचे वार डोक्यावर झेललेल्या त्या माणसाला भ्रम होता, पण तो व्यवहारात शहाणा दिसे. भ्रमाने ग्रासलेला माणूस पूर्ण वेडा नसला तरी त्या कृत्याला जबाबदार नसतो, हे अर्स्किनने पटवले. लगेच संसदेने अशा आरोपींना सुटका न देता कोठडीत ठेवण्याचा कायदा केला.

ज्यूरीसमोरून उठल्यावर मात्र तो निम्मा राही. १७८३ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे कॉमन्समध्ये, फॉक्सच्या ईस्ट इंडिया कंपनीविषयक विधेयकावर त्याने केलेले पहिले भाषण फसले. समोर बसलेल्या, पुढे पंतप्रधान झालेल्या पिटने टिपणे घेण्यासाठी उचललेली लेखणी खाली ठेवल्याचे सांगतात. १८०६–०७ मध्ये लॉर्ड चान्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचा प्रमुख, झाला तरी त्या पदाला लागणाऱ्या इक्विटीच्या (न्यायबुद्धीच्या तत्त्वांवर उभारलेल्या) कायद्यात तो कच्चाच होता. उमरावपदाच्या मानचिन्हावर ब्रीद घेतले ते ‘ज्यूरीसमोर खटला’. जनावरांवरच्या क्रौर्याविरुद्धचे त्याचे १८०९ चे विधेयक वरिष्ठ सभागृहात, म्हणजे लॉर्ड्समध्ये, मंजूर झाले आणि कॉमन्समध्ये पडले. घरी हंस आणि दोन जळवाही पाळलेल्या होत्या, त्यामुळे विरोधकांना थट्टेची आयती सोय होती. शेवटची वर्षे आर्थिक ओढीत गेली. स्कॉटलंडमधील आमंडेल येथे त्याचे निधन झाले.

ज्यूरीवरच्या त्याच्या श्रद्धेची मर्यादा मुंबईत दिसली. १९०८ मध्ये उच्च न्यायालयात टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला ज्यूरीसमोरच चालला. सात युरोपियन सभासदांनी त्यांना दोषी आणि दोन पारशांनी निर्दोष ठरवले, आणि सहा वर्षांची शिक्षा झाली. पेनच्या वेळी अर्स्किनने मांडलेला मुद्दा मात्र भारतात शाबूत राहिला. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर कसाबचे वकीलपत्र घ्यायचे नाही, असा ठराव इथल्या न्यायदंडाधिकारी न्यायालयांतील वकिलांच्या संघटनेने केला होता. ६ डिसेंबर २०१० रोजी ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अर्स्किनच्या पेनखटल्यातील भूमिकेचा दाखला देऊन असे सर्व ठराव रद्दबातल ठरवले.