रुसी, बेर्नहार्ट
(२० ऑगस्ट १९४८ – ). स्विस डाउनहिल (डोंगरावरून कमीत कमी वेळात खाली उतरण्याची स्की शर्यत) स्कीपटू आणि निवृत्तीनंतर जगभरातील डाउनहिल मार्गांचे आखणीकार. जन्म ऊरी कँटनमधील आन्डरमाट या आल्प्समधल्या गावी. इमारतींचे आराखडे काढणे हे त्यांचे मूळ शिक्षण, आणि पुढे ते डोंगर आखण्याच्या कामी आले.

१९७० मध्ये व्हाल गार्डेना येथे एकविसाव्या वर्षी ते डाउनहिलचे विश्वविजेते झाले. १९७१ आणि १९७२ असे सलग दोन हंगाम विश्वचषकातील डाउनहिलचे विजेतेपद त्यांच्याकडे राहिले. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये त्यांनी १ मिनिट ५१.४३ सेकंदांत सुवर्णपदक मिळवले. रौप्यही स्विस स्कीपटू रोलां कोलोंबां यांना मिळाले. १९७६ मध्ये इन्सब्रुकला रुसी तिसऱ्या क्रमांकाने उतरले आणि १:४६.०६ ही वेळ नोंदवून आघाडीवर राहिले. पंधराव्या क्रमांकाने उतरलेल्या ऑस्ट्रियाच्या फ्रान्ट्स क्लामर यांनी खालच्या टप्प्यात धोका पत्करून त्यांना ०.३३ सेकंदांनी मागे टाकले. क्लामर यांच्या त्या थरारक धावेपुढे रुसींची अत्यंत नेटकी धाव झाकोळली गेली. १९७८ मध्ये ते स्पर्धेतून निवृत्त झाले.

त्यांचे अधिक टिकाऊ काम त्यानंतरचे. व्हाल दिझेर (१९९२), क्वित्फ्येल (१९९४), स्नोबेसिन (२००२), रोझा खुटोर (२०१४), जोंगसन (२०१८) आणि यांचिंग (२०२२) येथील ऑलिंपिक मार्गांची आखणी त्यांची. अमेरिकेतील बीव्हर क्रीकचा ‘बर्ड्‌स ऑफ प्रे’ हा मार्गही त्यांचाच.

या कामातली पहिली अडचण म्हणजे जागा. पुरुषांच्या ऑलिंपिक डाउनहिलला आरंभ आणि शेवट यांच्या उंचीत किमान ८०० मीटरचा फरक लागतो. जोंगसनला त्यासाठी गारीवांग डोंगरावरील संरक्षित जंगल तोडावे लागले आणि त्यावर मोठा वाद झाला. दुसरी अडचण उड्यांची. स्कीपटू जिथे टेकतो तिथे उतार हवाच. सपाटीवर आदळल्यास सारा धक्का गुडघ्यांना आणि पाठीला बसतो. बर्फ रात्रीतून कडक झाले की वेग वाढतो, उडी लांबते आणि उताराच्या हिशेबाने केलेली जागा मागे राहते. म्हणून सरावाच्या धावा पाहून उडीचा कठडा तासून खाली आणतात, किंवा उडीच्या आधीचे फाटक (ज्यामधून स्कीपटूला जावेच लागते ती खांबांची जोडी) सरकवून वळण वाढवतात. फाटके फार वळवली की मात्र डाउनहिलचा जीवच जातो. व्हाल दिझेरच्या बेलव्हार्ड मार्गावर नेमकी हीच टीका झाली होती. पृष्ठभागावर पाणी मुरवून तो गोठवतात, कारण मऊ बर्फावर पहिल्या काही धावांतच चाकोऱ्या पडतात आणि मागून येणाऱ्यांवर अन्याय होतो.

रुसींनीच आखलेल्या, स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झच्या मार्गाचा ‘फ्रायर फाल’ (मुक्त पतन) हा आरंभ ४५ अंशांचा, म्हणजे शंभर टक्के उताराचा आहे. डाउनहिलमध्ये इतका उभा आरंभ अन्यत्र सहसा दिसत नाही.

रुसींनी स्विस दूरचित्रवाणीवर समालोचनही केले. ते २०१७ मध्ये थांबवले. स्वित्झर्लंडमधील लाउबरहॉर्न या डाउनहिल शर्यतीच्या मार्गावरील एका उडीला त्यांचे नाव आहे.