ॲझ्टेक आणि माया : दगड एकांचा, तारीख दुसऱ्यांची

२१ डिसेंबर २०१२ रोजी जगबुडी होणार अशी आवई उठली, तेव्हा त्या बातमीसोबत ठिकठिकाणी एका गोल दगडाचे चित्र झळकत होते. मधोमध जीभ बाहेर काढलेला चेहरा आणि भोवती चिन्हांची वलये. तारीख माया लोकांच्या दीर्घगणनेतली, म्हणजे एका ठरावीक आरंभापासून दिवस मोजत जाणाऱ्या कालगणनेतली होती, दगड मात्र ॲझ्टेकांचा. सुमारे ३.६ मीटर व्यासाची आणि २४ टनांची ती सूर्यशिळा १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडली, आणि ती घडवणाऱ्यांनी दीर्घगणना वापरलेलीच नव्हती. २६० आणि ३६५ दिवसांची कालचक्रे दोघांकडेही होती, त्यामुळे हा गोंधळ अगदीच निराधार नाही. (मायांचा आपल्या मयासुराशी जोडला जाणारा संबंध मात्र निव्वळ नामसाधर्म्याचा आहे.)

दोघांतला फरक समजून घ्यायचा तर आधी मेक्सिकोची जमीन पाहावी. मध्य पठारावर, सुमारे २,२४० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेले एक खोरे आहे. तेथल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसल्याने सरोवरे साचली, आणि त्यांपैकी तेस्कोको सरोवरातल्या बेटावर मेशिकांनी, म्हणजे ज्यांना आपण ॲझ्टेक म्हणतो त्यांनी, परंपरेनुसार १३२५ मध्ये तेनोच्तित्लान ही आपली राजधानी वसवली. उथळ पाण्यात गाळ आणि पालापाचोळा रचून, कडेने झाडे लावून त्यांनी ‘चिनाम्पा’ नावाचे वाफे तयार केले. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को येथे अशा वाफ्यांवर आजही भाजीपाला पिकतो आणि तो होडीतून वाहून नेतात.

मायांचे युकातान द्वीपकल्प याच्या अगदी उलट आहे. तेथे सपाट चुनखडी पसरलेली असून उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळपास नाहीच. पाऊस खडकात मुरतो, आत पोकळ्या कोरतो, आणि एखाद्या पोकळीचे छत कोसळले की खाली पाणी दिसू लागते. या नैसर्गिक विहिरींना ‘सेनोते’ म्हणतात. चिचेन इत्झा या माया शहराच्या नावाचा अर्थच ‘इत्झांच्या विहिरीच्या मुखाशी’ असा आहे. मायांचा प्रदेश मेक्सिकोपुरता नव्हता. त्यांचे तिकाल हे शहर आज ग्वातेमालात आहे, तर कोपान होंडुरासमध्ये.

काळाचे अंतरही मोठे आहे. तिकाल ओस पडून साडेतीन-चार शतके लोटली, त्यानंतर तेनोच्तित्लान उभे राहिले. ॲझ्टेकांची सत्ता एका राजधानीभोवती गुंफलेली असल्याने १५२१ मध्ये शहर पडताच ती संपली. मायांची मात्र अनेक स्वतंत्र नगरराज्ये होती, आणि त्यांतले शेवटचे, नोहपेतेन, स्पॅनिशांच्या हाती लागायला १६९७ साल उजाडले. बोललेले वाक्य जसेच्या तसे लिहिता येईल अशी लिपी मायांकडे होती. ॲझ्टेकांचे लेखन मुख्यतः चित्रे आणि नावे-गावे दाखवणाऱ्या चिन्हांचे होते.

दोघांची एकत्र खूण पाहायची असेल तर डहाणू-घोलवडच्या बागेतला चिकू घ्यावा. नाव ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आलेले, आणि झाड माया प्रदेशातल्या जंगलांतले. तिकालच्या मंदिरांच्या दारांवरील कोरीव तुळया याच चिकूच्या लाकडाच्या आहेत.